मराठी न्यायव्यवहारातील शब्दांची अवयवविभागणी व आघात : सोलापूरच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

१. विषयप्रवेश

न्यायालयाच्या भाषेचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष बहुधा शब्दांच्या कुळाकडे जाते. अमका शब्द फारसी, तमका संस्कृत, तिसरा इंग्रजी, अशी वर्गवारी केली की काम संपले असे मानण्याची प्रथा पडली आहे. परंतु न्यायव्यवहारातील शब्द हा केवळ लिहिला जाणारा शब्द नव्हे. तो पुकारला जातो, वाचून दाखविला जातो, साक्षीदाराच्या तोंडून वदविला जातो. जबाब लिहून झाल्यावर तो देणाऱ्यास वाचून दाखवावा अशी तरतूद आपल्या प्रक्रियाविषयक कायद्यांत दीर्घकाळ चालत आलेली आहे, आणि 'वाचून दाखविले, बरोबर आहे' हे वाक्य मराठी कागदांच्या शेवटी पिढ्यान्‌पिढ्या उमटत आले आहे. ज्यास लिहितावाचता येत नाही अशा पक्षकाराचे सारे हित या ऐकण्यावर अवलंबून असते. म्हणून न्यायव्यवहारातील शब्द कानाला कसा लागतो, त्याचे तुकडे कोठे पडतात व जोर कोठे येतो, हा प्रश्न केवळ व्याकरणाचा राहत नाही.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा ऐतिहासिक दृष्टीने विचार करावयाचा आहे. 'अक्षर' हा शब्द मराठीत लेखनातील खूण आणि उच्चारातील घटक या दोहोंसाठी योजला जातो व त्यामुळे घोटाळा होतो. येथे 'अक्षर' म्हणजे लिहिलेली खूण, आणि 'अवयव' म्हणजे एका स्वराच्या आधाराने एका झटक्यात उच्चारला जाणारा ध्वनिसमूह, असा भेद पाळला आहे. स्वराने संपणारा तो स्वरान्त अवयव, व्यंजनाने संपणारा तो व्यंजनान्त अवयव. 'दरखास्त' या शब्दात अक्षरे चार आहेत, अवयव मात्र दोनच : दर्-खास्त्. 'फिर्याद' मध्ये अक्षरे तीन, अवयव दोन : फिर्-याद्. 'मुद्देमाल' मध्ये अक्षरे चार, अवयव तीन : मुद्-दे-माल्. 'हुकूमनामा' मध्ये अक्षरे पाच, अवयव चार : हु-कूम्-ना-मा. लेखन आणि उच्चार यांतील हे अंतर ध्यानात घेतल्यावाचून पुढील विवेचन समजणे कठीण आहे.

२. कागदावर एक, कानाला दोन

मराठीत आघात आहे की नाही याविषयी सामान्य वाचकाच्या मनात शंका असते. इंग्रजीत तो जसा ठळकपणे जाणवतो तसा मराठीत जाणवत नाही हे खरे. तथापि संयुक्ताक्षराच्या आधीच्या अवयवावर जोर येतो की नाही यावरून मराठीत अर्थ बदलतो, हे व्याकरणकारांनी नोंदविले आहे. 'पुण्याने' हा शब्द पहावा. सत्कृत्याने मिळविलेल्या पुण्याविषयी बोलताना पहिल्या अवयवावर आघात येतो व तो व्यंजनान्त होतो : पुण्-ण्या-ने. पुणे शहराविषयी बोलताना आघात येत नाही : पु-ण्या-ने. लेखन दोन्हीकडे एकच.

न्यायव्यवहाराच्या इतिहासात याहून बोलके उदाहरण आहे ते 'दिव्य' या शब्दाचे. मराठेशाहीच्या न्यायपद्धतीत, कागदपत्रे व साक्षी यांनी वादाचा उलगडा होत नसल्यास वादी किंवा प्रतिवादी याजकडून दिव्य करविण्याची रीत होती. तापलेल्या तेलातून वा तुपातून धातूचा तुकडा काढावयाचे रवादिव्य, तापलेले लोखंड हाती धरावयाचे अग्निदिव्य, असे त्याचे प्रकार होते. विठ्ठल त्र्यंबक गुणे यांनी मराठ्यांच्या न्यायपद्धतीवर १९५३ साली प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी ग्रंथात या पद्धतीचा साधार विचार केला आहे. आता 'दिव्याने उजेड पडला' आणि 'दिव्याने निवाडा झाला' ही दोन वाक्ये शेजारी ठेवावी. पहिल्यात 'दिवा' या शब्दाचे सामान्यरूप आहे व त्याचे अवयव दि-व्या-ने असे पडतात. दुसऱ्यात 'दिव्य' आहे व त्याचे अवयव दिव्-व्या-ने असे पडतात. देवनागरीत दोन्ही रूपे एक, मोडीतही एक. भेद करतो तो कान.

मोडी लिपीमुळे हा कानाचा अधिकार अधिकच वाढला होता. मोडीत इकार-उकारांचा ऱ्हस्वदीर्घ भेद सामान्यतः पाळला जात नसे आणि शब्दही सुटे करून लिहिले जात नसत. ओळीच्या आरंभापासून शेवटापर्यंत अक्षरांची एक साखळी चाले, व ती कोठे तोडावयाची हे वाचणारा ठरवी. सोलापुरासारख्या हातमागाच्या शहरात 'सूत' हा शब्द रोजच्या व्यवहारातला. 'सुत' म्हणजे पुत्र हाही जुन्या लिखाणातला परिचित शब्द. मोडीत ही दोन्ही रूपे सारखीच दिसत. तारण ठेवलेले सूत आणि वारस असलेला सुत यांतील अंतर लेखकाने कागदावर ठेवलेले नसे. वाचकाने ते संदर्भावरून व उच्चाराच्या सवयीवरून भरून काढावयाचे असे. तेव्हा मोडी कागद वाचणे ही मुळातच अवयवविभागणीची क्रिया होती, असे म्हणावयास हरकत नाही.

३. फारसीचा थर

सोलापूरचा किल्ला बहमनी राज्याच्या विघटनानंतर आदिलशाही व निजामशाही यांच्यात अनेकदा हस्तांतरित झाला. पुढे मोगल, निजाम व पेशवे यांचा अंमल या प्रदेशाने पाहिला. राज्यकर्ते बदलले तरी महसूल व न्याय यांच्या परिभाषेचा पाया फारसीच राहिला. मात्र ही फारसी दरबारातून थेट गावापर्यंत आली नाही. पहिल्या इब्राहिम आदिलशहाने (१५३४–१५५८) हिशेबाचे दप्तर फारसीऐवजी देशी भाषेत ठेवविले, असे फिरिश्ता सांगतो. याचा परिणाम असा की फारसी शब्द मराठी लेखकांच्या हाती, मराठी वाक्यात आणि मराठी जिभेवर येऊन बसले. परके शब्द घरचे होतात ते त्यांचे अवयव घरच्या वळणाने पडू लागतात तेव्हा. हे वळण कोणते ते आता पाहू.

मूळ अरबी-फारसी शब्दांच्या शेवटी दोन व्यंजने एकत्र येण्याचे प्रमाण मोठे आहे. मराठीने या जोड्यांना तीन प्रकारे वागविले. पहिल्या प्रकारात जोडी टिकली : कर्ज, खर्च, अर्ज, शर्त, दरखास्त, जप्त. यांतील 'जप्त' चे मूळ 'जब्त'. येथे जोडी राहिली, फक्त पुढील कठोर 'त' च्या संगतीने 'ब' चा 'प' झाला. जोडीत आधी 'र' किंवा 'स' आणि नंतर स्पर्शवर्ण वा घर्षक असेल तर मराठी जिभेस ती विशेष अवघड वाटत नाही.

दुसऱ्या प्रकारात, शब्दातील स्वर उकार असल्यास जोडीच्या मध्ये तोच स्वर शिरला व तो दीर्घ झाला : हुक्म याचे हुकूम, जुल्म याचे जुलूम, मुल्क याचे मुलूख. 'कुफ्ल' मध्ये तर व्यंजनांची अदलाबदल होऊन 'कुलूप' हे रूप सिद्ध झाले. जप्तीच्या वेळी दारास जे कुलूप लागते ते या परिवर्तनाचे साक्षीदार आहे.

तिसऱ्या प्रकारात, शब्दातील स्वर 'अ' असल्यास मध्ये 'अ' शिरला, पण तेवढ्यावर भागले नाही. आधीचे व्यंजनही द्वित्त झाले : नक्ल याचे नक्कल, अस्ल याचे अस्सल, अक्ल याचे अक्कल, शक्ल याचे शक्कल. एवढेच नव्हे, तर ज्यात मुळात जोडी नव्हतीच अशा 'रकम' चेही मराठीत 'रक्कम' झाले.

दुसरा व तिसरा प्रकार वरवर भिन्न दिसले तरी त्यांच्या मुळाशी एकच प्रवृत्ती आहे. मराठीला असल्या शब्दात एक तरी अवयव भारदस्त हवा असतो. 'हुकुम' असे दोन हलके उच्चार तिला रुचत नाहीत. इकार-उकार असल्यास ती स्वर दीर्घ करून भार साधते. 'अ' चे दीर्घ रूप 'आ' हा मराठीत निराळ्याच गुणाचा स्वर असल्याने तो मार्ग तेथे बंद असतो. म्हणून ती व्यंजनाचे द्वित्त करून पहिला अवयव व्यंजनान्त करते : नक्-कल्, रक्-कम्. ही प्रवृत्ती आहे, अपवादरहित नियम नव्हे. 'कलम' चे 'कल्लम' झाले नाही आणि 'वतन' चे 'वत्तन' झाले नाही.

ही उपपत्ती खरी की खोटी हे तपासण्याचे साधन मराठीच्या विभक्तिरूपांत आहे. प्रत्यय लागताच काय होते ते पहावे. नक्कल याचे अनेकवचन नकला, उच्चार नक्-ला. रक्कम याचे रकमा, उच्चार रक्-मा. अक्कल याचे षष्ठीत अकलेचा, उच्चार अक्-ले-चा. जुलूम याचे जुलमाने, उच्चार जुल्-मा-ने. मुलूख याचे मुलखात, उच्चार मुल्-खात्. कुलूप याचे कुलपाला, उच्चार कुल्-पा-ला. प्रत्ययाचा स्वर आधारास मिळाला की मध्ये शिरलेला पाहुणा स्वर निघून जातो, द्वित्ताची गरज संपते, आणि मूळ फारसी जोडी कानाला पुन्हा ऐकू येऊ लागते. 'जुलमाने' मधील 'ल्-म' म्हणजे 'जुल्म' च होय. मराठी बोलणाऱ्या शेतकऱ्यास फारसी येत नव्हती, तरी त्याच्या विभक्तिरूपांनी फारसी शब्दाचा मूळ सांगाडा शतकानुशतके जपून ठेवला.

जेथे मुळातच द्वित्त होते तेथे मराठीने ते विशेष निष्ठेने राखले : हक्क, हद्द, रद्द, मुद्दा, जिम्मा. हिंदीत 'हक', 'हद' ही सैल रूपे रूढ झाली. मराठीत 'हक' असा उच्चार करणारा माणूस हाका मारीत आहे की हक्क सांगत आहे, असा प्रश्न पडावा. 'हक्कसोडपत्र' या शब्दात तर हे द्वित्त आजही दुय्यम निबंधकाच्या कचेरीत रोज उच्चारले जाते.

उलटपक्षी, मूळ शब्दात दोन स्वर लागोपाठ आले की मराठी त्यांचा संकोच करते. मुआमला याचे मामला, मुआफ याचे माफ, इख्तियार याचे अखत्यार. 'मिल्कियत' तीन अवयवांची, 'मिळकत' दोनच अवयवांची : मिळ्-कत्. 'मुख्तार' चे 'मुखत्यार' झाले ते बहुधा 'अखत्यार' च्या जोडीला बसविण्यासाठी, कारण ज्यास अखत्यार दिला तोच मुखत्यार.

अवयव तोडण्याच्या सवयीने अर्थही कसा नवा जडतो याचे सुंदर उदाहरण 'दस्तऐवज' हे आहे. मूळ फारसी शब्द 'दस्तावेज', त्याची फोड दस्त्-आवेज. मराठी कानाला 'आवेज' अनोळखी, पण मालमत्ता वा मोबदला या अर्थी 'ऐवज' चांगलाच परिचित. तेव्हा शब्दाचे तुकडे दस्त-ऐवज असे पडले असे दिसते. ज्या कागदाच्या पोटात ऐवज आहे तो दस्तऐवज, ही समजूत व्युत्पत्तीच्या दृष्टीने खरी नसली तरी सावकारी व्यवहाराच्या दृष्टीने किती चपखल!

४. इंग्रजीचा थर

मे १८१८ मध्ये टॉमस मन्रो याच्या सैन्याने सोलापूर घेतले व या प्रदेशात कंपनीचा अंमल सुरू झाला. एल्फिन्स्टनच्या कारकीर्दीत १८२७ साली मुंबई इलाख्याचे विनियम सिद्ध झाले. वरिष्ठ न्यायालयांची भाषा इंग्रजी झाली, परंतु खालच्या न्यायालयांत साक्षी, अर्ज आणि कैफियती मराठीत चालत राहिल्या. फारसी शब्द त्यामुळे नाहीसे झाले नाहीत, तर नव्या प्रक्रियेत जुन्याच नावांनी नवे अर्थ धारण करून बसले. 'दरखास्त' म्हणजे मूळची विनंती. ती आता हुकूमनाम्याच्या बजावणीसाठी करावयाचा अर्ज झाली. फारसीतील 'पुर्सिश' म्हणजे विचारणा. तिची 'पुरशिस' होऊन पक्षकाराने न्यायालयास द्यावयाच्या लेखी निवेदनास ते नाव मिळाले. 'रोजनामा', 'मुद्देमाल', 'पंचनामा', 'दरखास्त' हे शब्द तर महाराष्ट्रातील इंग्रजी निकालपत्रांतही भाषांतर न होता वावरतात.

या जुन्या शब्दांच्या जोडीला नवे इंग्रजी शब्द आले. त्यांच्या बाबतीत मराठीने जे केले ते पाहिले असता फारसी शब्दांविषयी वर मांडलेल्या उपपत्तीस दुजोरा मिळतो. इंग्रजीत 'नोटीस' व 'बेलीफ' यांचा आघात पहिल्या अवयवावर, तर 'पोलीस' व 'अपील' यांचा दुसऱ्यावर. मराठीने हा भेद मानला नाही. चारही शब्दांत तिने शेवटचा अवयव दीर्घ करून त्यास भार दिला. त्यांची विभक्तिरूपे 'वकील' सारखीच चालविली : वकील–वकिलाने, पोलीस–पोलिसांनी, नोटीस–नोटिसा, अपील–अपिलात, बेलीफ–बेलिफाने. आणि 'अ' सदृश स्वराच्या 'जज' चे काय झाले? 'हक्क' व 'हद्द' यांच्याप्रमाणे त्याचे 'जज्ज' झाले. म्हणजे फारसी शब्दांसाठी जे दोन मार्ग मराठीने आखले होते, स्वर दीर्घ करणे आणि व्यंजन द्वित्त करणे, तेच इंग्रजी शब्दांसाठीही तिने वापरले. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाने केलेल्या लेखनविषयक नियमांत, अकारान्त शब्दातील उपान्त्य इकार-उकार दीर्घ व सामान्यरूपात ऱ्हस्व लिहावा, असा नियम आहे. हा नियम समितीने निर्माण केलेला नव्हे. शतकांपासून चालत आलेल्या उच्चाराची ती नोंद होय.

समासात मात्र हे घडत नाही. 'वकिली' मध्ये इकार ऱ्हस्व, पण 'वकीलपत्र' मध्ये तो दीर्घच राहतो. कारण स्पष्ट आहे. 'वकिली' चे अवयव व-कि-ली असे नव्याने पडतात, तर 'वकीलपत्र' मध्ये सांध्यापाशी शब्दाची सीमा अभंग राहून 'कील्' हा व्यंजनान्त अवयव तसाच उरतो. 'साक्षीदार', 'पंचनामा', 'मुखत्यारपत्र', 'हक्कसोडपत्र' असे संस्कृत, मराठी व फारसी यांचे मिश्र समास न्यायव्यवहारात विपुल आहेत, आणि त्यांचा सांधा कधी विस्कळीत होत नाही याचे श्रेय या सीमापालनास आहे.

सोलापूरच्या इतिहासाने या थरात आपली स्वतःची एक भर घातली आहे. मे १९३० मध्ये शहरात लष्करी कायदा पुकारला गेला. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा या चौघांना येरवड्याच्या कारागृहात फाशी देण्यात आले. या प्रकरणास 'लष्करी कायदा' असे सार्थ मराठी नाव उपलब्ध असताही लोकांच्या तोंडी 'मार्शल लॉ' हेच राहिले. उच्चारात दोन लकार एकमेकांस भिडतात, मार्-शल्-लॉ, व मधला अवयव आवळला जातो. परक्या सत्तेने लादलेली वस्तू परक्याच नावाने आठवणीत ठेवावी, अशी जणू शहराने निवड केली.

५. शेजारच्या भाषांचे कान

सोलापुरात मराठीबरोबर कन्नड, तेलुगू व उर्दू या भाषा नांदतात. पूर्वेस तुळजापूर-नळदुर्गाचा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता व तेथील कारभाराची भाषा उर्दू होती. विणकरीच्या निमित्ताने तेलुगू भाषक पद्मशाली समाज येथे मोठ्या संख्येने स्थायिक झाला. त्यामुळे एकच न्यायव्यवहारातील शब्द या शहरात निरनिराळ्या अवयवांत ऐकू येतो. मराठीत हक्क, रद्द, वकील, नोटीस. तेलुगूत हक्कु, रद्दु, वकीलु, नोटीसु. मराठीतील 'दस्तऐवज' तेलुगू व कन्नड या दोन्ही भाषांत 'दस्तावेजु', आणि 'कोर्ट' दोहोंत 'कोर्टु'. द्राविडी भाषांस शब्दाच्या अंती व्यंजन सहसा नको असते. त्या स्वर जोडून शेवटचा अवयव मोकळा करतात. मराठीने उलट अन्त्य 'अ' चा उच्चार टाकून देऊन शेवटचा अवयव बंद केला. म्हणून 'हक्क' मराठीत एकाच अवयवाचा, तेलुगूत दोन अवयवांचा : हक्-कु. मधले द्वित्त मात्र दोघींनीही सांभाळले.

शब्दांती स्वर ठेवण्याच्या या सवयीमुळेच पाश्चात्त्य लेखकांनी तेलुगूची तुलना इटालियन भाषेशी केली. ही तुलना न्यायव्यवहारातील शब्दांपुरती पुढे नेणे उद्‌बोधक ठरेल, कारण रोमन कायद्याची लॅटिन परिभाषा इटालियन जिभेवर कशी वळली हे तेथे स्वच्छ दिसते. लॅटिन 'पाक्तुम' चे इटालियनमध्ये 'पात्तो' (करार) झाले, 'देलिक्तुम' चे 'देलित्तो' (गुन्हा), 'दिरेक्तुम' चे 'दिरित्तो' (हक्क, कायदा). भिन्न व्यंजनांच्या जोडीचे द्वित्त होणे हे आपल्या प्राकृतांसारखेच आहे. 'सप्त' चे 'सत्त' आणि 'रक्त' चे 'रत्त' याच न्यायाने झाले. इटालियनमध्ये द्वित्त व्यंजनाची फोड दोन अवयवांत होते : लेज्-जे (कायदा), दि-रित्-तो. आणि द्वित्त गेले की अर्थ जातो. 'फातो' म्हणजे दैव, 'फात्तो' म्हणजे घडलेली गोष्ट. न्यायालयास विचार करावयाचा असतो तो दुसऱ्याचा.

आघाताच्या बाबतीत इटालियन मराठीहून पुष्कळ पुढे गेलेली आहे. न्यायाधीशास तेथे 'जूदिचे' म्हणतात व आघात तिहींपैकी पहिल्या अवयवावर येतो. 'लिबेर्ता' (स्वातंत्र्य) मध्ये तो शेवटच्या अवयवावर येतो व तेवढाच लेखनात खुणेने दाखवितात. इतरत्र बहुधा वाचकाने तो ओळखावयाचा असतो. यातून आपल्या 'दिव्याने' सारखी कोडी निर्माण होतात. 'प्रिन्चिपि' या शब्दात आघात पहिल्या अवयवावर असल्यास अर्थ होतो राजपुत्र, दुसऱ्यावर असल्यास अर्थ होतो तत्त्वे. राज्य राजांचे की तत्त्वांचे हा राज्यशास्त्रातील सनातन प्रश्न तेथे एका अवयवावरील जोराने सुटतो!

६. आघाताविषयीचा वाद

मराठीतील आघाताचा प्रश्न पाश्चात्त्य भाषाशास्त्रज्ञांनी विसाव्या शतकाच्या आरंभी उपस्थित केला. राल्फ टर्नर यांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात असे प्रतिपादन केले की वैदिक भाषेतील स्वराचे स्थान मराठीत पुढे आघाताच्या रूपाने टिकले व त्याचा परिणाम स्वरांच्या ऱ्हस्वदीर्घत्वावर झाला. झ्यूल ब्लोक यांस हे मत मान्य झाले नाही. मराठी भाषेच्या घडणीवरील त्यांचा १९२० चा फ्रेंच ग्रंथ वासुदेव गोपाळ परांजपे यांच्या अनुवादामुळे १९४१ पासून मराठी वाचकांस उपलब्ध आहे. तद्भव शब्दांपुरता हा वाद चालत राहील. परंतु न्यायव्यवहारातील परकीय शब्दांचा पुरावा या प्रकरणी स्वतंत्र महत्त्वाचा आहे. 'हुकूम', 'रक्कम' किंवा 'पोलीस' यांना वैदिक स्वराचा वारसा असणे शक्य नाही. तरी त्यांचे भार एकाच पद्धतीने पडतात. यावरून असे अनुमान निघते की, निदान या शब्दांच्या काळी, मराठीतील जोर हा वारशाने आलेल्या स्थानावर नसून अवयवाच्या वजनावर अवलंबून होता. जेथे दीर्घ स्वर वा व्यंजनान्त अवयव, तेथे जोर.

याच वजनाचा विचार छंदःशास्त्र लघुगुरूंच्या नावाने फार पूर्वीपासून करीत आले आहे. 'छंदोरचना' हा मराठी छंदःशास्त्रावरील प्रमाणग्रंथ आणि १९२५ चा 'फार्शी-मराठी कोश' हे दोन्ही ग्रंथ माधव त्रिंबक पटवर्धन, म्हणजेच कवी माधव जूलियन, यांच्या हातून सिद्ध झाले, ही गोष्ट या संदर्भात अर्थपूर्ण वाटते. शब्दाचे मूळ शोधणारा आणि शब्दाचे वजन तोलणारा एकच अभ्यासक असावा, हे या विषयाच्या स्वरूपास साजेसेच होते.

७. घडविलेले शब्द आणि ऐकणारा माणूस

राजभाषेतील परकीय शब्द काढून त्यांच्या जागी संस्कृत शब्द घालण्याचा पहिला मोठा प्रयत्न शिवाजी महाराजांच्या आज्ञेने झाला. रघुनाथपंत हणमंते यांच्या नावावर असलेला 'राजव्यवहारकोश' दहा वर्गांत विभागलेला असून त्यात फारसी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द दिले आहेत. मराठी पत्रव्यवहारातील फारसीचे प्रमाण त्यानंतर झपाट्याने उतरले, हे वि. का. राजवाडे यांनी पत्रांतील शब्द मोजून दाखविले. तथापि न्यायव्यवहारातील वकील, जामीन, फिर्याद, कैफियत, तारीख हे शब्द हलले नाहीत. राज्यकारभाराच्या वरच्या पातळीवर, पदनामांत व मायन्यांत संस्कृत शब्द रुजले. जेथे सामान्य रयत स्वतः तोंडाने बोलत होती तेथे मराठी वळणाचे झालेले जुने शब्दच टिकले.

हाच प्रयोग महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर पुन्हा झाला. १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाले, १९६२ साली पदनाम कोश निघाला, १९६४ चा राजभाषा अधिनियम आला, पुढे न्यायव्यवहाराचाही कोश सिद्ध झाला. १९९८ साली दुय्यम न्यायालयांची भाषा मराठी असल्याचे शासनाने अधिसूचित केले. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता व भारतीय साक्ष्य अधिनियम हे कायदे अमलात आले व त्यांच्या संस्कृत नावांनी परिभाषेचा प्रश्न पुन्हा पुढे आणला. यांतील शेवटचे नाव पहावे. मराठीने 'साक्ष' असे एकाच अवयवाचे आटोपशीर रूप कधीच घडविले आहे : साक्ष दिली, साक्ष झाली, साक्ष फिरविली. 'साक्ष्य' म्हणताना अन्त्य 'य' साठी पुन्हा एक स्वर उभा करावा लागतो.

याचा अर्थ नवे शब्द घडवू नयेत असा नाही. 'वादी' व 'प्रतिवादी' हे संस्कृत शब्द आज खेड्यातील पक्षकारही सहज उच्चारतो. त्यांचे अवयव मोकळे आहेत आणि जोड एकमेकांस प्रकाश देते. 'खरेदीखत', 'गहाणखत', 'बक्षीसपत्र', 'मृत्युपत्र' हे भिन्न कुळांचे शब्द एकाच पंक्तीस बसतात, कारण त्यांचे सांधे कानाला कळतात. उलट 'निष्पादन', 'अभियोक्ता' यांसारखे शब्द अर्थाने निर्दोष असूनही कागदावरून जिभेवर उतरण्यास कष्ट पडतात, आणि 'दरखास्त' व 'सरकारी वकील' यांना न्यायालयाच्या आवारात बाधा पोहोचत नाही. प्रश्न शब्द कोणत्या कुळाचा हा नसून तो मराठी अवयवांत मोडतो की नाही, प्रत्यय लागल्यावर वाकतो की नाही, हा आहे. 'जुलूम' वाकला म्हणून 'जुलमाने' झाला, 'नोटीस' वाकली म्हणून 'नोटिसा' झाल्या. जो शब्द वाकत नाही तो कोशात राहतो.

परिभाषा घडविणाऱ्या मंडळींनी अर्थाची कसोटी काटेकोरपणे लाविली आहे, आणि ती लावलीच पाहिजे. तिच्या जोडीला उच्चाराची कसोटीही लावावी, एवढेच या विवेचनाचे सूचन आहे. कोणताही नवा शब्द पक्का करण्यापूर्वी तो मोठ्याने वाचावा, त्याला विभक्तिप्रत्यय लावून पहावे, आणि लिहिता न येणाऱ्या माणसाने एकदा ऐकून तो परत उच्चारला तर ओळखू येतो का, हे तपासावे. ज्या शब्दाचा उच्चार पक्षकारास करता येतो त्याविषयी तो वकिलास प्रश्न विचारू शकतो. ज्याचा उच्चारच जमत नाही त्याच्यापुढे तो मान डोलावतो आणि 'बरोबर आहे' याखाली अंगठा उठवितो. दिव्य करून निवाडा मिळविण्याचा काळ मागे पडला आहे. आपल्याच प्रकरणाची भाषा ऐकून समजणे हे पक्षकारास नवे दिव्य वाटू नये, यासाठी शब्दांचे वजन कानाने तोलण्याची जुनी मराठी सवय कोशकारांच्या उपयोगी पडण्यासारखी आहे.